थैलीतली दोन बटणं

रविवार, ४ फेब्रुवारी

धाकटे,

बारा वर्षांनी पत्र लिहायचं तर आधी ख्यालीखुशाली विचारावी. पण तू कशी आहेस हे विचारायला मला तोंड नाही, म्हणून सरळ बातमीच सांगते. मधल्याची किडनी थकली आहे. मधल्याची म्हणजे तूच त्याला दिलेली. डॉक्टर म्हणाले, बारा वर्षं चांगली चालली, यात कुणाचा काही दोष नाही. गेला दीड महिना तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. चार-चार तास त्या लांबलचक खुर्चीत पाय पसरून बसतो आणि एका हाताने मुलांच्या गणिताच्या वह्या तपासतो. परवा नर्सला म्हणाला, "माझं रक्त तुम्ही दर खेपेला स्वच्छ करता, पण या पोरांची बेरीज कुठे धुऊन मिळते का ते सांगा." तुझ्या भावाची जीभ अजून ठणठणीत आहे.

तुला कळवायचं नाही, असं त्याने त्याच्या बायकोला बजावलंय. मला बजावायची त्याला गरज वाटली नाही. आपलं दोघींचं बोलणं नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

घाबरू नकोस, मी काही मागायला लिहीत नाही. तुझ्याकडे एकच उरली आहे, आणि तुझ्याकडे मागायची वेळ आली तर मी आधी स्वतःची जीभ हासडून घेईन.

झालं असं, की परवा डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. शेजारी एक बाई आली, आपल्याच चर्चच्या मंडळीतली, पण नंतर आलेली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुम्हीच ना त्या? भावासाठी किडनी द्यायला भर उपासनेत उभ्या राहिल्या होत्या?" मी म्हटलं, हो. तिने माझे हात हातात घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला हात सोडवून घेऊ दिले नाहीत. म्हणजे माझ्या लक्षात आलं, की तिने सोडले तरी मीच धरून ठेवले होते. बारा वर्षं मी हे 'हो' म्हणते आहे, धाकटे, आणि प्रत्येक वेळी ते मला आवडतं.

तू तिथे होतीस, तुला सगळं आठवत असेल. तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण तुला जे दिसलं नाही ते मला सांगायचंय. मी उभी राहिले तेव्हा कुणाचेच रिपोर्ट आले नव्हते. गाणं संपलं, पाळकसाहेबांनी मधल्यासाठी प्रार्थना केली, आणि मला असं भरून आलं की मी उठलेच. म्हटलं, "माझा भाऊ आहे. मी देईन." सगळी मंडळी रडली. पाळकसाहेबांनी खाली येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे तीन आठवडे मी रस्त्याने चालले तरी लोक बाजूला होत. शिवणाला आलेल्या बायका माप देताना माझ्याशी हळू आवाजात बोलत. मला वाटायचं, रिपोर्ट जुळणारच नाही, आणि हे सगळं मात्र राहील.

रिपोर्ट जुळला. चार दिवसांनी तुझाही जुळला.

थैलीत टाकू, ही कल्पना पाळकसाहेबांची होती असं सगळे समजतात. ती माझी होती. त्यांच्या झग्याची बाही मोजत होते, तेव्हा टेप हातात धरूनच म्हटलं, "साहेब, दोघींचे जुळले. आता कुणी द्यायची हे आम्ही कोण ठरवणार? देवाची इच्छा काय आहे ते थैलीतून पाहू या." त्यांना ते फार आवडलं. आपल्याकडे दोन माणसांत एक निवडायचं झालं की दानाच्या थैलीत दोन बटणं टाकून प्रार्थना करतात, पांढरं येईल त्याच्यावर काम पडलं असं मानतात, आणि मग कुणी हूं की चूं करत नाही. आजवर त्यातून मंडळीचे कारभारी वडील निवडले गेले, गायनवृंदाचा मास्तर निवडला गेला. किडनी कधी टाकली नव्हती.

मला भीती वाटली होती, म्हणून मी ते सुचवलं. एवढंच कबूल करायचं होतं. पुढचं देवाने केलं.

ताई


रविवार, ११ फेब्रुवारी

धाकटे,

मागच्या पत्रात 'पुढचं देवाने केलं' असं लिहून मी हात झटकले. आठवडाभर मशीनवर बसले की ते वाक्य पुढ्यात येऊन बसतं. दोन शर्टांच्या कॉलर उलट्या लावल्या. एवढी वर्षं शिवते आहे, कॉलर कधी उलटी लावली नव्हती.

बटणं मी आणली होती. ते तुला माहीतच आहे, बटणं नेहमी आपल्याच दुकानातून जायची. पाळकसाहेब म्हणाले, एकसारखी दोन द्या, एक काळं, एक पांढरं. मी डब्यातून दोन काढली. आकाराने अगदी एकसारखी. पांढरं होतं चार भोकांचं, सपाट. काळं कोटाचं होतं, मागे छोटी कडी असलेलं. तळहातावर धरून दाखवली तर मागची कडी कुणाला दिसणार नाही. थैलीत हात घातला की मात्र कडी बोटाला लागणार.

मी मोठी. आधी मी हात घालणार. कडी चाचपडून काळं बाहेर काढणार. असं ठरवून गेले होते.

हे लिहिताना माझे कान गरम झाले आहेत. दुकानात कुणी नाही, तरी मी दार लावून घेतलं.

मग पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली आणि थैली तुझ्यासमोर धरली. म्हणाले, "मोठ्याने मागे राहावं, धाकट्याला पुढे करावं." मी काय बोलणार होते, नाही, कडी मला चाचपडायची आहे? तू हात घातलास. पांढरं काढलंस. मला काळं उरलं.

माझी लबाडी देवाने हाणून पाडली आणि शेवटी त्याला हवं तेच केलं, असं मी स्वतःला समजावलं. मी फसवायला गेले होते, पण फसवलं नाही, कारण मला संधीच मिळाली नाही. या एका विचारावर मी बारा वर्षं नीट झोपले, धाकटे. एवढंच.

ताई


सोमवार, १२ फेब्रुवारी

धाकटे,

कालचं पत्र खोटं आहे. सगळं नाही. शेवट खोटा आहे.

तू आठ वर्षांची असल्यापासून माझ्या दुकानात बटणं लावायचीस. आई गेल्यावर मी तुला शाळेतून थेट मशीनशेजारी आणून बसवायची. डोळे मिटून डब्यातून हवं ते बटण काढायची पैज तू शिवणाऱ्या बायकांशी लावायचीस आणि जिंकायचीस. थैलीत तुझा हात गेला तेव्हा तुला कडी लागली नसेल, असं मी स्वतःला बारा वर्षं सांगत आले. माझ्याच दुकानात शिकलेल्या मुलीला, जिला ठाऊक होतं की आपल्या डब्यात कडीची बटणं फक्त काळीच असतात.

मी पाहिलं होतं. थैलीचं कापड मखमली, पातळ, मीच शिवलेलं. आतून तुझी बोटं कशी फिरताहेत ते मला बाहेरून दिसत होतं. तू एक बटण उचललंस, उलटंपालटं केलंस. मग दुसरं. मग तू थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तू फक्त पाहत होतीस, मी आता काय करते ते. मी मान खाली घातली. तेव्हा तू हातातलं सोडलंस, दुसरं घेतलंस आणि पांढरं बाहेर काढलंस.

मागे कुणीतरी "आमेन" म्हटलं. मीसुद्धा म्हटलं.

देवाची इच्छा काय होती ते मला आजही ठाऊक नाही. पण तुझी इच्छा काय होती ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि लपवलं.

आणि आता आणखी एक. हे तुला अजिबात माहीत नाही. थैलीच्या आधी, रिपोर्ट जुळल्यावर, हॉस्पिटलात आपली दोघींची वेगवेगळी मुलाखत झाली होती. ती समुपदेशक बाई आठवते? चष्म्याला दोरी बांधलेली, टेबलावर रुमालांचा खोका ठेवणारी? तिने दार लावलं आणि मला म्हणाली, "इथे तुम्ही नाही म्हणालात तर ते या दाराबाहेर जात नाही. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, की या दाता म्हणून योग्य नाहीत. कारण सांगत नाही."

मी तिला म्हटलं, मला नाही द्यायची. रडले. रुमाल तिने पुढे केला. म्हणाली, "मग लिहून टाकू?" आणि मी नको म्हटलं.

का नको म्हटलं ते ऐक. लोक म्हणाले असते, बिचारीची इच्छा होती पण शरीर कमी पडलं. मला ते कमी पडणं नको होतं. मी भर उपासनेत उभी राहिलेली बाई होते. डॉक्टरांचं खोटं मला पुरलं नाही, मला देवाच्या तोंडून खोटं वदवून घ्यायचं होतं. म्हणून थैली.

ऑपरेशनला दोन महिने झाल्यावर मी उपासनेत उभी राहून देवाने काय केलं त्याची साक्ष दिली, ती तू पहिल्या रांगेत बसून ऐकलीस. मी सांगितलं, बाप मुलाला घेऊन डोंगरावर गेला, त्याला वेदीवर ठेवलं, आणि सुरी उचलल्यावर देवाने मुलाच्या जागी बळी द्यायला झुडपात अडकलेला एडका दाखवला. तसं मला वेदीवर चढवलं आणि मग उतरवलं, कारण देवाला फक्त माझी तयारी पाहायची होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून मंडळी तुला लाडाने 'कोकरू' म्हणू लागली. धाकटे, मी तुला चारचौघांत एडका म्हटलं. त्या एडक्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तुलाही कुणी विचारलं नाही, असं मी सगळ्यांना पटवून दिलं.

वर्षाच्या आत तू बॅग भरलीस. तुला तिकडे नोकरी लागली, हे मी सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं, की मलाही ते पटलं होतं.

ताई


सोमवार, २६ फेब्रुवारी

धाकटे,

मी तपासण्या करून घेतल्या. मधल्याला न सांगता. वय पंचावन्न, रक्तदाब बरा, साखर नाही, दोन्ही किडन्या ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला हे चांगलंच आहे. मला आनंद व्हायला हवा होता. मी रिपोर्टांची घडी करून पिशवीच्या तळाशी घातली.

मुलाखतीला तीच बाई. केस पांढरे झालेत, चष्म्याची दोरी बदलली आहे. खोली तीच, फक्त रुमालांचा खोका मोठा आला आहे. तिने मला ओळखलं नसावं, किंवा ओळखून दाखवलं नाही. तिने पेन उघडलं.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"आहे."

पेन थांबलं. "कुणाचा?"

"धाकट्या बहिणीचा."

"त्या काय म्हणतात?"

"बारा वर्षांत एक शब्द नाही."

तिने चष्मा काढला. मग मी तिला सगळं सांगितलं, बटणांसकट. ती कुठेच 'अरेरे' म्हणाली नाही, त्याचं मला बरं वाटलं. शेवटी तिने विचारलं, "पण आज तुमची स्वतःची इच्छा आहे का?"

मी म्हटलं, "इच्छा नाही. भीती वाटते. पण देणार."

"इच्छा नसेल तर मला घेता येत नाही, बाई. तो नियमच आहे."

मला राग आला. मी तिला बागेतली ती गोष्ट ऐकवली. म्हटलं, आमच्या प्रभूनेही आदल्या रात्री बापाजवळ तेच मागितलं होतं, की हा प्याला टळला तर बरं. एकदा नाही, तीन वेळा. घामाघूम झाला होता. त्यालाही इच्छा नव्हतीच की. तरी त्याने दिलंच ना?

ती म्हणाली, "त्याचं तो बघेल. मला त्याची सही नको, तुमची हवी."

मग ती जरा नरमली. म्हणाली, "भीती चालते. भीती सगळ्यांनाच असते. मला वाटतं, तुम्ही इथे फेडायला आला आहात, द्यायला नाही. भावाला माहीत आहे का हे सगळं?"

"नाही."

"मग आधी त्याला सांगा. आणि मग या."

बाहेर आले आणि पायऱ्यांवरच बसले. एकच विचार मनात होता, हीच संधी आहे, तिनेच परत पाठवलं, आता मी घरी जाऊन सांगू शकते की त्यांनी नको म्हटलं. बारा वर्षांनंतरसुद्धा माझं डोकं आधी पळवाटेकडेच धावतं. हे तुला सांगते आहे, कारण मी बदलले आहे असा तुझा समज व्हायला नको.

ताई


शनिवार, ९ मार्च

धाकटे,

मधल्याला सांगितलं.

दुपारी गेले. तो जेवणाच्या टेबलाशी वह्यांचा ढीग घेऊन बसला होता. हाताला पट्टी, पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते म्हणून अनवाणी. त्याची बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, तूही ये. ती दारात उभी राहून ऐकत होती.

मी सांगत असताना तो लाल पेनाने टेबलावर बारीक ठिपके काढत होता. संपल्यावर त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"म्हणजे शक्यता निम्मी नव्हती?"

मी म्हटलं, "नव्हती."

"मी दर वर्षी मुलांना तेच उदाहरण देतो. एका थैलीत दोन बटणं. पांढरं येण्याची शक्यता किती? दर वर्षी, ताई. मला वाटायचं, आपल्या घरात एकदा तरी गणित आणि देव एका बाजूला होते."

त्याची बायको म्हणाली, "अहो, तुमचं गणित राहू दे आता." ती रडत होती. तिने मला बसायला खुर्ची दिली होती, ती मात्र परत नेली नाही. ते माझ्या लक्षात आलं.

मग मी तपासण्यांचं सांगितलं. म्हटलं, सगळं जुळतंय, सही तेवढी बाकी आहे. घे. मी देते.

त्याने पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाला, "तेव्हा मला कुणी विचारलं होतं का गं? तुम्ही दोघी थैलीपाशी, साहेब प्रार्थनेत, मंडळी आमेन म्हणायला तयार, आणि मी हॉस्पिटलच्या पलंगावर पडलोय. मला सांगायला आले ते असं, की देवाने ठरवलं. देवाने ठरवल्यावर मी नको कसं म्हणणार? मी तर धाकटीला साधं 'तुला खरंच द्यायची आहे का' एवढंसुद्धा विचारलं नाही. देवाला उलट विचारल्यासारखं झालं असतं."

"ते आता सोड. आता मी..."

"तू आता मला देतच नाहीयेस, ताई. तू तिला परत करते आहेस. मी नुसता मधे आडवा आलोय."

मी म्हटलं, "मग मी काय करू? सांग ना. तू सांगशील ते करते."

"तेच तर. तुला सतत कुणीतरी सांगायला हवं असतं. पाळक, देव, मी." त्याने पेनाचं टोपण लावलं. "माझं नाव यादीत घातलंय. एखाद्या अपघातात गेलेल्या माणसाची मिळाली तर मिळाली. तोवर मशीन आहे. तुझी मला नको. निदान आत्ता नको. तू जे माझ्याकडून तिला द्यायला निघाली आहेस, ते तिला सरळ दे."

"तिला किडनी देऊ?"

तो हसला. अशा वेळीसुद्धा हसला. "मुलांपेक्षा तू ढ आहेस. तिने ती स्वतःहून दिली, हे जगात किती जणांना ठाऊक आहे? तुला, तिला, आणि आजपासून आम्हा दोघांना. बाकी सगळ्यांना वाटतं, तिच्यावर ते पडलं. तिने केलेली एवढी एकच मोठी गोष्ट, आणि ती तू देवाच्या नावावर करून टाकलीस."

घरी चालत आले. रस्ताभर लाज वाटत होती, आणि तिच्यात कुठेतरी हेही होतं, की ऑपरेशन टळलं. तेही लिहून ठेवते.

ताई


रविवार, १७ मार्च

धाकटे,

आज उपासनेत साक्ष दिली.

गायनवृंद समोर उभा होता, मी शिवलेल्या निळ्या झग्यांत. तिसऱ्या मुलीच्या झग्याची टीप निघाली आहे, ते मला पहिल्यांदा दिसलं, आणि मी त्याचाच विचार करत माइकपर्यंत गेले. नाहीतर पोचले नसते.

छान बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. मला छान बोलता येतं, तोच तर घात आहे. म्हणून कागदावर लिहून नेलं होतं आणि तेवढंच वाचलं. बटणं कुठली होती. कडी कुठे होती. मी काय ठरवून आले होते. थैलीत तुझी बोटं कशी फिरली आणि तू माझ्याकडे कसं पाहिलंस. शेवटी वाचलं: "माझ्या धाकट्या बहिणीवर काही पडलं नव्हतं. तिने ते ओळखून उचललं. ती एडका नव्हती. तिच्यापासून कुणी काही घेतलं नाही, तिने आपण होऊन दिलं. आपण ज्याची उपासना करतो त्यानेही तसंच दिलं, असं दर रविवारी म्हणतो. आपल्यात तसं एक माणूस होतं, आणि मी तुम्हाला ते दिसू दिलं नाही."

मग मागून एकजण "आमेन!" म्हणाला, आणि दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, धाकटे! पाळकसाहेब उठले. आता त्यांचा आवाज कापतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहा, आपल्या बहिणीची ही नम्रता..."

आणि खरं सांगते, एक क्षण मला ते हवंहवंसं वाटलं. पुन्हा तेच. डोक्यावरचा तो हात.

मी माइक ओढून घेतला. म्हटलं, "नम्रता नाही, साहेब. लबाडी होती. आणि तुम्हाला टाळ्या वाजवायच्या असतील तर तिच्यासाठी वाजवा, ती आली की."

मग टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतली ती बहिरी आजी, जिला सगळं मोठ्याने सांगावं लागतं, ती शेजारणीला विचारत राहिली, "काय म्हणाली? काय म्हणाली?" शेजारणीने तिच्या कानात सांगितलं. आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं आपण आभार मानत होतो ते चुकीच्या पत्त्यावर?"

कुणी हसलं नाही. मीही नाही.

नंतर आतल्या खोलीत साहेब मला रागावले. असं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "त्या थैलीवर लोकांचा विश्वास होता. तू तो मोडलास." मी म्हटलं, "बारा वर्षांपूर्वीच मोडला होता, साहेब. आज फक्त आवाज झाला." इतकी वर्षं माझ्याकडे असलेल्या बायकांच्या प्रार्थनागटाच्या खोलीच्या किल्ल्या मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी उचलून खिशात टाकल्या, नको म्हणाले नाहीत. म्हणतील, अशी माझी आशा होती. माझ्या मनातलं तुला सगळं सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. रस्त्यात दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. तेव्हा माप देताना हळू आवाजात बोलणाऱ्यांपैकीच त्या होत्या. दुकान उघडून बसले आणि हात काम करेनात.

ताई


सोमवार, १८ मार्च

धाकटे,

आज मधल्याबरोबर मशीनपाशी बसले होते. त्याने वह्या आणल्या नव्हत्या. काल काय झालं ते त्याला बायकोकडून कळलं होतं. नर्सने सुया लावल्या, नळ्या लाल झाल्या, आणि मग तो म्हणाला, "धाकटीला कळवलंस?"

म्हटलं, "फेब्रुवारीपासून लिहिते आहे."

"मग? काही उत्तर?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"ताई, पाठवली आहेस ना?"

पाठवली नव्हती, धाकटे. एकही नाही. ही सगळी पत्रं कापडांच्या नमुन्यांच्या कपाटात पडून होती. भर मंडळीत उभी राहिले, पण पत्राच्या पेटीपर्यंत जाता येईना. तिथे दोनशे माणसं होती, त्यांच्यासमोर मला धीर येतो. तू एकटी आहेस.

मी म्हटलं, "नीट लिहून काढते आणि टाकते. मधली दोन जरा वाईट झाली आहेत. त्यात मी थोडं..."

"खोटं लिहिलंस?"

"एकात. दुसऱ्या दिवशी सुधारलं."

तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, झोपला. मग तो तसाच म्हणाला, "ते तसंच जाऊ दे. ते वाचल्यावर तिला तू ओळखू येशील."

तुझा पत्ता त्याच्या बायकोने कागदावर लिहून दिला. सगळी पत्रं एका पाकिटात घातली आहेत. अकरा तारखेचं फाडायला दोनदा हातात घेतलं, ते तसंच ठेवलं आहे. काही खोडलेलं नाही, काही गाळलेलं नाही.

समुपदेशक बाईंनी पुढची तारीख दिली आहे. मी जाणार आहे. भीती कमी झालेली नाही, पण या वेळी तिने विचारलं तर 'इच्छा आहे' असं म्हणता येईल असं वाटतं, म्हणजे वाटतंय अजून. मधल्याने हो म्हटलेलं नाही. म्हणेल की नाही ते त्याचं तो ठरवेल, आणि मी त्याला प्रार्थनेतसुद्धा ढकलणार नाही.

तू उत्तर द्यावंस असं मी म्हणत नाही. माफ करावंस असंही म्हणत नाही. ही सगळी न वाचता टाकून दिलीस तरी तुझा तो हक्क आहे, आणि त्याला मी देवाची इच्छा म्हणणार नाही. ती तुझी असेल.

टपाल कार्यालय पाचला बंद होतं. आता चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मधला म्हणाला म्हणून जात नाहीये. तो म्हणाला त्याला तीन तास झाले, आणि परत आल्यापासून मी इथे उघडं पाकीट पुढ्यात घेऊन बसले होते. कुणी ढकलत नाहीये, कुणी पाहतही नाहीये. मला फार भीती वाटते आहे. चप्पल घालते आहे.

ताई